कमरेला बाळगायचे छोटे पिस्तूल: अमेरिकेतल्या मराठी माणसाने निवडताना काय पाहावे

बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा गेलेल्या माणसापुढे बहुतेक वेळा सगळ्यात लहान पिस्तूल ठेवले जाते. ग्राहक बाई असेल तर हमखास. तळहातात मावणारे, खिशात टाकले तर कुणाला कळणार नाही असे. नवख्यालाही ते बरे वाटते, कारण लहान वस्तू हाताळायला सोपी असणार असे मनाने आधीच धरलेले असते. पिस्तुलाचे नेमके उलटे आहे. ते जितके लहान, तितके नीट चालवायला अवघड. अंगावर लपवून बाळगायचे पिस्तूल निवडताना जे प्रश्न पडतात, त्यांतले बरेचसे या एका गोष्टीतून निघतात. म्हणून लेखात ती पुन्हा पुन्हा येईल.

हे सगळे अमेरिकेबद्दल आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सामान्य नागरिकाला ९ मिमीचे पिस्तूल मिळतच नाही, परवाना मिळाला तर .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळते, आणि ती सगळी व्यवस्थाच निराळी आहे. अमेरिकेत मात्र २०२४ पर्यंत २९ राज्यांत पात्र प्रौढ व्यक्तीला लपवलेले पिस्तूल बाळगायला परवानासुद्धा लागेनासा झाला. टेक्सासमध्ये हे १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया ही राज्ये पूर्वी ‘खास कारण’ दाखवल्याशिवाय परवाना देत नसत. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली. मराठी वस्ती दाट असलेल्या एडिसन किंवा बे एरियासारख्या भागांतही त्यामुळे हा प्रश्न आता खरोखरचा झाला आहे.

दुकानात जाण्याआधी व्हिसा बघा

आपल्या लोकांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि इंग्रजीतल्या खरेदी-मार्गदर्शनात ती क्वचितच येते, कारण ते नागरिकांसाठी लिहिलेले असते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ अशा बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस विकत घेणे आणि जवळ ठेवणे, दोन्ही मना आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण अपवादाच्या आधारावर पिस्तूल घ्यायचे असेल तर आधी इमिग्रेशन आणि बंदूक कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाशी बोला. इथली चूक दंड भरून मिटत नाही. हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे, त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि बंदुकीशी संबंधित गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढले जाण्याचे ते स्वतंत्र कारण ठरते.

ग्रीन कार्डधारकाला घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेत पार्श्वभूमी तपासली जाते, आणि परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला पिस्तूल विकू शकत नाही. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो नाही. तिथे खोटे उत्तर देणे हा वेगळा गुन्हा.

एक परिस्थिती आपल्या घरांत सहज उद्भवते. पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे, नवरा अजून एच-१बीवर आहे. पत्नीने पिस्तूल घेतले आणि दोघांना उघडता येईल अशा कपाटात ठेवले, तर ते नवऱ्याच्याही ताब्यात आहे असे कायदा मानू शकतो. अशा घरात तिजोरीची किल्ली किंवा आकडा एकाच माणसाकडे असायला हवा, आणि तेवढे पुरेसे आहे का हेही वकिलाला विचारून घ्यावे. भारतातून तीन-चार महिन्यांसाठी आलेले आईबाबाही याच नियमात येतात.

आकार कमी होतो तेव्हा काय हरवते

ऑस्ट्रियन सैन्यासाठी १९८२ मध्ये ग्लॉक १७ आले. ते पूर्ण आकाराचे. १९८८ मध्ये त्याचीच नळी आणि मूठ थोडी आखूड करून ग्लॉक १९ निघाले, आणि पुढची तीस वर्षे ‘कॉम्पॅक्ट’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येत असे. नळी १०२ मिमी, रिकामे वजन अंदाजे ६०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, १५ काडतुसे. त्याहून बारीक हवे असेल तर क्षमता सोडावी लागे. २०१२ चे स्मिथ अँड वेसनचे शील्ड एक इंचाहून किंचित कमी जाडीचे होते, पण मॅगझिन ७ किंवा ८ काडतुसांचे. २०१८ च्या जानेवारीत सिग सावरने पी३६५ आणले आणि साधारण तेवढ्याच देहात १० काडतुसे बसवली. त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसे खाली दोन रांगांत तिरकी बसतात आणि वर येताना एका रांगेत येतात. त्यानंतर प्रत्येक मोठ्या कंपनीने या मापाचे पिस्तूल काढले. आजचा नवखा खरेदीदार मुख्यतः या दोन मापांमध्ये अडकतो: ग्लॉक १९ च्या मापाचे की पी३६५ च्या मापाचे?

त्यासाठी हातात नेमके काय बदलते ते समजून घेऊ.

पहिला बदल धक्क्याचा. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने पिस्तूल मागे येते, आणि काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. शिवाय लहान पिस्तुलाची मूठ आखूड असते, त्यामुळे करंगळी खाली लोंबकळते आणि पकड तीनऐवजी दोन बोटांची उरते. धक्का वाढला आणि धरायला जागा कमी झाली, असे दोन्ही एकाच वेळी घडते. पहिली गोळी कदाचित बरी जाईल. दुसऱ्या गोळीपर्यंत नळी परत जागेवर आणायला वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे हाताला धक्क्याची आठवण राहते. पुढच्या वेळी चाप दाबताना मनगट आधीच खाली ढकलले जाते आणि नेम चुकतो.

दुसरा बदल नेमाचा. पिस्तुलावर नेम धरायच्या दोन खुणा असतात, एक मागे आणि एक पुढे. त्यांच्यातले अंतर जितके जास्त तितकी चूक डोळ्याला लवकर दिसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्या प्रकारातल्या पिस्तुलावर हे अंतर २२० मिमीपर्यंत ठेवायची मुभा आहे. ग्लॉक १९ वर ते साधारण १५३ मिमी असते आणि ग्लॉक ४३एक्ससारख्या बारीक पिस्तुलावर १३२. आता पुढची खूण फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली असे धरा. सात मीटरवर, म्हणजे मोठ्या दिवाणखान्याच्या लांबीवर, २२० च्या पिस्तुलाची गोळी सुमारे ३२ मिमी चुकेल, १५३ च्या पिस्तुलाची ४६ आणि १३२ च्या पिस्तुलाची ५३. हा हिशेब स्थिर हाताचा आहे. घाबरलेल्या माणसाचा हात एका मिलिमीटरपेक्षा पुष्कळ जास्त हलतो.

तिसरा बदल दुकानात चटकन कळत नाही. वरची स्लाइड मागे ओढून पहिले काडतूस नळीत घ्यावे लागते. स्लाइड लहान आणि हलकी असेल तर तिला आवरायला आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते. म्हणजे ज्यांच्या मनगटात जोर कमी म्हणून लहान पिस्तूल सुचवले गेले, त्यांच्याच हाताला ते ओढायला जड जाते. संधिवात असलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या माणसांनी हे दुकानातच, पाच-सहा वेळा ओढून पाहावे. हलक्या स्लाइडसाठी मुद्दाम बनवलेली पिस्तुले मिळतात. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड मालिका त्यासाठीच निघाली, २०१८ मध्ये .३८० च्या काडतुसात आणि २०२० मध्ये ९ मिमीमध्ये. ती पी३६५ पेक्षा मोठी आहेत, आणि सोपी असण्याचे तेही एक कारण आहे.

लपते काय आणि दिसते काय

पिस्तूल लपवायचे म्हणजे नळी लपवायची असे वाटते. खरे तर नळी पँटच्या आत असते, ती कुणाला दिसत नाही. शर्टावर उठून दिसते ती मूठ, कारण ती पट्ट्याच्या वर असते आणि वाकले की बाहेर येते. म्हणून मूठ आखूड आणि नळी थोडी लांब असे पिस्तूल लपवायला फारसे अवघड जात नाही, उलट नेमाला मदत करते. ग्लॉक ४३एक्स आणि ग्लॉक ४८ यांची मूठ एकच आहे. नळी पहिल्याची ८७ मिमी, दुसऱ्याची १०६. ज्याला ४३एक्स लपवता येते त्याला बहुधा ४८ ही लपवता येते, आणि नेमाच्या खुणांमधले अंतर त्याला फुकटात जवळपास ग्लॉक १९ एवढे मिळते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

जाडीचेही तसेच. शरीराला टोचते ती जाडी, लांबी नव्हे. एका इंचाच्या आसपासचे पिस्तूल दिवसभर गाडीत, खुर्चीत, किराणा भरताना सोबत राहू शकते. सव्वा इंचाच्या पुढे गेले की पट्टा, पँटचे माप आणि बसण्याची सवय सगळे बदलावे लागते.

माझे मत असे: जे सर्वांत मोठे पिस्तूल तुम्ही खरोखर रोज, उन्हाळ्यातही, न कंटाळता बाळगाल, ते घ्या. ग्लॉक १९ कपाटात राहणार असेल तर पी३६५ च्या मापाचे बरे. पण खिशात टाकायच्या पाव किलोच्या पिस्तुलापर्यंत उतरू नका. रुगरचे एलसीपी २००८ मध्ये आले, वजन २७० ग्रॅमच्या आसपास, आणि ते अफाट खपले. ते वाईट पिस्तूल नाही, पण अनुभवी हाताचे आहे. पहिले म्हणून घेतलेले असे पिस्तूल लोक एक-दोनदा नेमबाजीच्या रेंजवर चालवतात, हात दुखतो, आणि मग सराव थांबतो. ज्याचा सराव होत नाही ते पिस्तूल अंगावर असणे हा निव्वळ धोका आहे.

काडतुसाचा वाद लवकर मिटवता येतो

कॅलिबरवर, म्हणजे काडतुसाच्या मापावर, अमेरिकेत माणसे तासन्‌तास भांडतात. नवख्याने त्यात पडू नये. ९×१९ मिमी हे १९०२ मधले, जॉर्ज लुगरचे काडतूस आज सगळ्यात जास्त वापरले जाते, सरावासाठी स्वस्त मिळते आणि जवळपास प्रत्येक मापाच्या पिस्तुलात आहे. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, तेव्हा ९ मिमी कमी पडले असा निष्कर्ष निघाला. संस्था आधी १० मिमीकडे आणि मग .४० कडे वळली. गोळ्यांची बनावट सुधारल्यावर गेल्या दशकात ती पुन्हा ९ मिमीवर आली. एक मोठे कारण हे होते की एजंटांचे ९ मिमीचे नेम जास्त चांगले लागत होते.

.३८० एसीपी हे धाकटे काडतूस. ९ मिमीचा धक्का खरोखर सोसत नसेल त्यांच्यासाठी ते योग्य आहे, पण पिस्तुलाची यंत्रणा बघून घ्या. जुन्या घडणीच्या काही .३८० पिस्तुलांत, वॉल्थर पीपीकेसारख्या, स्लाइडला कुलूप नसते, ती केवळ वजन आणि स्प्रिंगच्या जोरावर रोखलेली असते. काडतूस कमजोर असूनही ती हाताला नव्या ९ मिमी पिस्तुलापेक्षा जास्त चावतात.

आणि रिव्हॉल्व्हर? पाच गोळ्यांचे आखूड नळीचे .३८ रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये आणलेल्या मापाचे, अजूनही भरपूर विकले जाते. स्लाइड नाही, मॅगझिन नाही, भरले आहे की रिकामे हे समजायला सोपे, कोटाच्या खिशातूनही चालते. हे सगळे खरे. पण अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे मॉडेल ६४२ घ्या: वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, आणि चाप ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर. वस्तूच्या वजनाच्या तेरापट जोराने एक बोट मागे ओढायचे आणि वस्तू मात्र हलू द्यायची नाही. ‘बायकांसाठी सोपे’ म्हणून हे सुचवणाऱ्यांनी ते एखाद्या नवख्या बाईच्या हाती देऊन सात मीटरवरचा कागद बघावा. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा चाप अडीच किलोच्या आसपास असतो. फरक तिथेच आहे.

चाप, आणि त्याला झाकणारे होल्स्टर

हलका चाप नेमाला चांगला, पण तोच चुकून दाबला जाण्याची भीती जास्त. आजच्या बहुतेक छोट्या पिस्तुलांना बाहेरून अंगठ्याने लावायची खीळ नसते. आतल्या यंत्रणेमुळे पडल्यावर गोळी सुटू नये अशी रचना असते आणि चाप दाबल्याशिवाय पिस्तूल उडू नये हे गृहीत असते. पडण्याच्या चाचणीकडे दुर्लक्ष करू नका. २०१७ मध्ये पी३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडले तर उडू शकते असे दिसल्यावर सिगने सुधारणेची मोफत योजना जाहीर केली होती. खीळ असलेली आवृत्तीही अनेक मॉडेलांत मिळते. ती हवी असेल तर जरूर घ्या, पण मग प्रत्येक सरावात ती लावणे-काढणे बोटांत भिनले पाहिजे.

चापाचा खरा पहारेकरी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, आहे, आणि नवखी माणसे पैसे वाचवायला जातात ती नेमकी इथेच. पिस्तुलावर पाच-सहाशे डॉलर खर्च करतात आणि होल्स्टर वीस डॉलरचे, कापडी, ‘सगळ्या पिस्तुलांना बसणारे’ घेतात. मऊ कापडाचे होल्स्टर दुमडून चापाच्या कडीत शिरू शकते. होल्स्टर तुमच्या मॉडेलसाठीच घडवलेले, कडक प्लास्टिकचे किंवा जाड चामड्याचे, चाप पूर्ण झाकणारे हवे, आणि पिस्तूल काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये. सोबत जाड पट्टा हवा. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी चापात अडकून लोकांना स्वतःचीच मांडी भेदली गेल्याची उदाहरणे आहेत. परत घालायची घाई कधीच नसते. सावकाश, बघत, बोट बाहेर ठेवून घालावे. पोटावर पुढच्या बाजूला होल्स्टर लावायची पद्धत सध्या फार चालते. तिथून पिस्तूल लवकर निघते, पण परत घालताना नळीपुढे काय येते हे लक्षात घेता नवख्याने आधी उजव्या कमरेपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

कुर्ता-सलवार किंवा लेगिंग घालणाऱ्या बायकांची अडचण खरी आहे: पट्टाच नसतो. कमरेभोवती गुंडाळायचे पट्टे मिळतात. त्यांत चापावर कडक कवच असलेलेच घ्यावेत. पर्समध्ये पिस्तूल ठेवणे मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, लहान मुले असलेल्या घरात तर नाहीच. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले, आणि त्या गोळीने आई गेली. पिस्तुलासाठी वेगळा झिपचा कप्पा असलेली, मुद्दाम त्यासाठीच बनवलेली पर्स होती ती. पर्स खाली ठेवली जाते, कार्टमध्ये राहते, दुसऱ्याच्या हाती जाते. अंगावरचे पिस्तूल अंगावरच राहते.

तुमचे राज्य तुमची निवड बदलते

टेक्सासमधल्या मित्राने सुचवलेले पिस्तूल न्यू जर्सीत तसेच्या तसे उपयोगी पडेल असे नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनला १० काडतुसांची मर्यादा आहे. ग्लॉक १९ चा मोठा फायदा म्हणजे १५ काडतुसे, आणि तोच तिथे नाहीसा होतो. १० काडतुसांसाठी जाड मूठ वागवण्यापेक्षा मुळात १० साठी घडवलेले बारीक पिस्तूल घेणे तिथे जास्त शहाणपणाचे. कॅलिफोर्नियात दुकानदाराला राज्याच्या मान्य यादीतलीच मॉडेले नव्याने विकता येतात, त्यामुळे गाजलेले नवे मॉडेल तिथे नसण्याची शक्यता मोठी. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्या घरात आणि रेंजवर चालतात, पण सामान्य परवानाधारकाने त्या कमरेच्या पिस्तुलात बाळगण्यावर बंधन आहे. न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचे प्रत्यक्ष नेमबाजीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. हे कायदे न्यायालयांत सारखे हलत असतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

एका राज्याचा परवाना दुसरीकडे चालतोच असे नाही. न्यू जर्सी इतर कुठल्याही राज्याचा मानत नाही. पेनसिल्व्हेनियाहून पूल ओलांडून नातेवाइकांकडे जेवायला जाणारा माणूस कमरेच्या पिस्तुलासह तिथे गुन्हेगार ठरतो.

शनिवार-रविवार तुमचे कुठे जातात तेही बघा. मराठी शाळा, मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम, नाटकाचा प्रयोग: यांतले पुष्कळसे शाळांच्या इमारतींत आणि सभागृहांत होतात. शाळेच्या आवारात पिस्तूल बहुतेक राज्यांत चालत नाही. शिवाय संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आतही बंदी आहे, आणि तिच्यातून सूट मिळते ती मुख्यतः त्या राज्याचा परवाना असलेल्याला. म्हणजे विनापरवाना बाळगायला मुभा असलेल्या राज्यातही परवाना काढून ठेवण्यात अर्थ आहे. ज्याचा प्रत्येक रविवार शाळेच्या आवारात जातो त्याला गाडीत घट्ट बसवलेली, कुलूपबंद पेटी लागेल. सीटखाली सरकवलेले पिस्तूल चोराच्या हाती जाते.

विमानाचे तर सांगायलाच हवे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेक जण विसरलो होतो म्हणतात. भारतात जाताना त्याहून काळजी घ्या. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या तळाशी राहिलेले एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही नेऊ नका.

विकत घेण्याआधी भाड्याने

बऱ्याच रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. ग्लॉक १९, पी३६५, शील्ड ईझेड आणि एखादे छोटे रिव्हॉल्व्हर अशी चार घ्या, प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडा, सात मीटरवरचे कागद शेजारी लावा. कुठले पिस्तूल तुमचे आहे ते हे कागद सांगतील, आणि लेखांपेक्षा व विक्रेत्यापेक्षा त्यांचे ऐका. कानांना संरक्षण हवेच, कारण ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. रेंजवर इयरप्लग आणि त्यावर हेडफोनसारखे मफ असे दोन्ही घाला. परत आल्यावर हात साबणाने धुवा, बोटांवर शिसे असते.

मूठ हाताला बसते का हे बघताना, पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, बोटाचे पहिले पेर मनगट न वळवता चापावर येते का ते पाहा. लहान हातांना ग्लॉक १९ ची मूठ जाड पडते, तर मोठ्या हातांना पी३६५ मध्ये बोट चापाच्या पलीकडे जाते.

घेतल्यावर बाळगण्याआधी दोन-तीनशे गोळ्या सरावाच्या आणि एखादा डबा प्रत्यक्ष बाळगायच्या काडतुसांचा त्याच पिस्तुलातून झाडून बघा. एखादे पिस्तूल एखाद्या काडतुसावर अडखळते, आणि ते रेंजवरच कळलेले बरे. मग एका चांगल्या शिक्षकाचा वर्ग करा, ज्यात होल्स्टरमधून काढणे शिकवतात आणि तुमच्या राज्यात बळाचा वापर कधी समर्थनीय ठरतो हेही समजावतात. वाद मिटवायला, गाडी आडवी घालणाऱ्याला घाबरवायला पिस्तूल नुसते दाखवणेसुद्धा गुन्हा आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती, तीही त्या क्षणाची, एवढीच जागा कायदा देतो.

घरात ते कुठे राहील

२०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ माणसे गेली. त्यांतली २७,०३२ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. बंदूक घ्यायला निघालेला माणूस अनोळखी हल्लेखोराचा विचार करत असतो, पण घरातली बंदूक जास्त वेळा घरातल्याच माणसाचा जीव घेते. आत्महत्येच्या प्रयत्नात बंदूक वापरली तर दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जीव जातो, इतर बऱ्याच मार्गांत माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. मनाची ती वेळ अनेकदा थोडी असते. त्या थोड्या वेळात कुलूप आड आले तर माणूस राहतो.

म्हणून अंगावर नसलेले पिस्तूल तिजोरीत, अपवाद नाही. पलंगाशेजारी बोटांच्या ठशाने किंवा आकड्यांनी चटकन उघडणारी छोटी तिजोरी बोल्टने बसवता येते, आणि तिचा खर्च पिस्तुलाच्या पैशांतच आधी धरावा. उशीखाली नको, कपड्यांच्या घडीत नको, उंच फळीवर तर नकोच. मुलांना आपल्या लपवायच्या सगळ्या जागा ठाऊक असतात.

अभ्यासाच्या ताणाखाली दबलेला मुलगा, नोकरी गेलेला नवरा, बाळंतपणानंतर खचलेली आई, देश सोडून आलेले आणि दिवसभर एकटे बसणारे वडील: आपल्या घरांत या गोष्टी बोलल्या जात नाहीत, पण असतात. असा काळ चालू असेल तर पिस्तूल घेऊ नका. आधीच घेतलेले असेल तर ते काही महिने घराबाहेर ठेवा. काही दुकाने, रेंज आणि पोलीस ठाणी तात्पुरते सांभाळून घेतात. मित्राकडे द्यायचे असेल तर काही राज्यांत त्यालाही पार्श्वभूमी तपासणी लागते, ते आधी विचारा. आणि जुलै २०२२ पासून आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तर मदतीसाठी देशभर ९८८ हा तीन आकडी नंबर चालू आहे. स्वतःसाठी लावता येतो, तसा घरच्या माणसाची काळजी वाटते म्हणूनही लावता येतो.